समेवरचा ठोका

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली, की घरातली म्हातारी माणसेसुद्धा उंबऱ्यापर्यंत येतात. ढोल एकाच ठेक्यात घुमत असतो. त्यात ताना नसतात, हरकती नसतात. तरीही थोड्या वेळाने पाय आपोआप हलू लागतात आणि खांदा द्यायला माणसे पुढे सरसावतात. ठेका म्हणजे काय, हे आम्हा कोकणच्या माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच ‘फंक रॉक’ हे नाव ऐकताच चिपळुणातल्या एखाद्या गृहस्थाच्या कपाळाला आठी पडली, की मला गंमत वाटते. नाव परके आहे. गोष्ट तितकीशी परकी नाही.

आमच्या आळीतल्या एका कॉलेजकुमाराने बास गिटार आणली आहे. चार जाड तारांचे हे वाद्य तो बोटाने छेडण्याऐवजी अंगठ्याने ठोकतो. ‘अहो, याला वाजवणे म्हणायचे की बडवणे?’ असे त्याच्या वडिलांनी मला एकदा काकुळतीने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर अमेरिकेत आहे, आणि तेही एका मायलेकांच्या गोष्टीत.

लॅरी ग्रॅहम नावाचा तरुण १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात आपल्या आईबरोबर कार्यक्रम करीत असे. आई पियानोवर, मुलगा बासवर. ड्रम वाजवणारा कोणी नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी तो अंगठ्याने तार ठोकू लागला आणि बोटाने खेचून सोडू लागला. एक आवाज मोठ्या ड्रमचा, दुसरा छोट्याचा. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभरच्या बासवादकांनी उचलली. हाच ग्रॅहम नंतर ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडमध्ये गेला. काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकत्र असलेला हा बँड १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात गाजला. फंक आणि रॉक यांचा संसार थाटून देणाऱ्यांत त्याचे नाव फार वर लागते.

फंकचा मूळपुरुष मात्र जेम्स ब्राउन. १९६५ च्या सुमारास त्याने आपल्या वादकांना एकच गोष्ट बजावली : चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून जोर द्यायचा. तोवर त्या संगीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला महत्त्व असे. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्याने समेला राज्याभिषेक केला. गायक कितीही भटकून आला, तरी समेवर सगळे भेटणार, हा आनंद आपण तबल्याच्या साथीत नेहमीच घेतो. ‘फंक’ या शब्दाचा एक जुना अर्थ उग्र दर्प, घामाचा वास. वैशाखातल्या चिपळुणात पंखे बंद पडलेल्या सभागृहात बसलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको!

या संगीताचे वारे मुंबईतही लवकरच पोचले. १९७० च्या दशकात तेथे ‘अटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा बँड होता. कीथ कांगा, मधुकर दास अशी मंडळी त्यात होती. फंक आणि रॉक यांचा मेळ घालणारे भारतातले जे अगदी थोडे बँड तेव्हा होते, त्यांपैकी हा एक. ‘ऑब्सेशन ७७’ ही त्यांची एकुलती एक ध्वनिमुद्रिका १९८१ मध्ये बाजारात आली, तेव्हा बँडचा बहर सरून गेला होता. पुढे परदेशातले संग्राहक तिचा शोध घेत फिरू लागले आणि २०११ मध्ये ती अमेरिकेतून पुन्हा निघाली.

या हकिकतीत अभिमानाइतकीच हळहळ आहे. वर्षानुवर्षे रंगमंचावर वाजवलेल्यापैकी हाती राहिली एक तबकडी. बाकीचे सारे त्या त्या संध्याकाळी, समोर बसलेल्या माणसांबरोबर संपले.

मराठी घरातले नाव हवे असेल, तर नंदू भेंडे यांचे घ्यावे लागेल. आत्माराम आणि आशा भेंडे या नटदांपत्याचा हा मुलगा. अलेक पदमसी यांनी १९७० च्या दशकात मुंबईत केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडासची भूमिका गाजवली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून त्यांचा रॉकमध्ये मुरलेला आवाज मराठी रंगभूमीवर आला. २०१४ मध्ये ते गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आजही बोलताना हातवारे करून सांगतात, यातच सारे आले.

त्यांच्यानंतर १९८४ मध्ये निघालेल्या ‘रॉक मशीन’ने आणखी एक पाऊल टाकले. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांच्या सोबत्यांनी साहेबाची गाणी वाजवता वाजवता स्वतःची गाणी रचली, १९८८ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. स्वतंत्र बँड तो हाच. सिनेमाचा आधार नाही, रचना आपली, आणि जोखीमही आपलीच.

अशा बँडची खरी शाळा म्हणजे रंगमंच. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनाने ते काम केले. ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या मैफलींना तेथे तरुणांची झुंबड उडे. पण आसपास रुग्णालय आणि महाविद्यालय. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि २००३ च्या सुमारास तेथला दणदणाट थांबला. रुग्णाच्या झोपेपेक्षा गिटार मोठी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक जागा बंद करताना दुसरी उघडली पाहिजे, हे आपण विसरतो.

याचे मोल चिपळूणकरांना निराळे सांगायला नको. २००५ च्या जुलैमधल्या पुराने इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्राची दैना केली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तेथला पडदा उघडला नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने पुन्हा गाव बुडवले. पुरानंतर आधी घरे, मग दुकाने सावरतात. रंगमंचाची पाळी शेवटी येते. त्या मधल्या वर्षांत मोठी झालेली मुले मोबाइलवर सारे जग ऐकतात, पण चार माणसांसमोर उभे राहण्याची त्यांची भीड चेपायची कोठे?

आपली जाखडी पाहा. पायांत चाळ बांधलेले नाचे गोल फिरतात, मध्ये शाहीर, ढोलकी आणि झांज. शक्तिवाला शक्तीचे थोरपण सांगतो, तुरेवाला शिवाचे. गाणी नवी रचलेली, खर्च मंडळाचा, आणि हारजीत समोरच्या श्रोत्यांसमक्ष. मुंबईत गिरणगावातल्या चाकरमान्यांनी ही कला जपली, ती तिकीट काढून सामने पाहिले म्हणून. स्वतंत्र बँड याहून फारसा वेगळा कोठे आहे? आमच्या आळीतला मुलगा अंगठ्याने तार ठोकतो आणि शेजारच्या वाडीतला ढोलकीवर थाप मारतो. दोघेही एकाच समेच्या शोधात असतात.

तेव्हा पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलाच्या खोलीचे दार लावून घेण्याने प्रश्न सुटत नाही. तालमीची वेळ ठरवून द्या. रात्री दहानंतर वाद्ये गप्प, हेही बजावून सांगा. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांचा बँड उभा राहील, तेव्हा शेवटच्या रांगेत का होईना, जाऊन बसा. फुकटचा पास मागू नका, तिकीट काढा. आवडले नाही, तर घरी येऊन खुशाल तसे सांगा. ज्याने आपले ऐकले, त्याचेच बोलणे मुले मनावर घेतात.