पोलिसी पिस्तूल आणि नेमबाजीची हौस
अमेरिकेत पोलीस खाती शस्त्रे बदलतात, तेव्हा जुनी .३८ ची रिव्हॉल्व्हरे व्यापाऱ्यांमार्फत हौशी संग्राहकांच्या हाती जातात. आवडत्या बोअरची अशी शस्त्रे जमवून नेम साधणे हा तेथे छंद मानला जातो. जूचंद्रच्या तरुणाला ही वाट बंद आहे. पोलिसांच्या पिस्तुलाचा ९ मिलिमीटर बोअर येथे नागरिकांना निषिद्ध आहे, आणि परवानाधारकाला असलेली तीन शस्त्रांची मुभाही २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली. हे योग्यच झाले. परंतु नेमबाजीची हौस काही गुन्हा नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते .२२ च्या छोट्या काडतुसावर. रांगोळीसाठी ख्यातनाम असलेल्या जूचंद्रमध्ये स्थिर हातांची तर वाण नाहीच! हवेच्या पिस्तुलाला दहा मीटरचे अंतर पुरते. तेवढी जागा एखाद्या शाळेच्या सभागृहातही निघते. महापालिकेने ती सोय आधी करून द्यावी.