जलाशयाच्या तळाची परिभाषा : गोड्या पाण्यातील ‘स्ट्रक्चर’ मासेमारीच्या काही संज्ञा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गोड्या पाण्यातील गळाच्या मासेमारीविषयी जे लेखन होते, त्यात ‘स्ट्रक्चर’ हा शब्द पावलोपावली आढळतो. कोशात या शब्दापुढे ‘रचना’ किंवा ‘बांधकाम’ असे अर्थ दिलेले असल्यामुळे पूल, धक्का, बुडालेली भिंत अशा मानवनिर्मित वस्तूंजवळची मासेमारी म्हणजे ‘स्ट्रक्चर’ मासेमारी, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या परिभाषेत ‘स्ट्रक्चर’ म्हणजे पाण्याखालील भूमीची ठेवण होय. सभोवतालच्या तळापेक्षा वेगळा असा उंचसखलपणा त्या शब्दाने दर्शविला जातो. हा एक अर्थ निसटला, की त्यावर आधारलेल्या इतर सर्व संज्ञा निसटतात. म्हणून त्यांपैकी प्रमुख संज्ञांचा उलगडा येथे करावयाचा आहे.

ही परिभाषा धरणांच्या काळात रुजली. 1933 मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची स्थापना झाली व क्लिंच नदीवरील नॉरिस धरण 1936 मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत नदीखोरी एकामागून एक जलमय होत गेली. अशा जलाशयाचा तळ म्हणजे पूर्वीची जमीनच. तिच्यावर टेकड्या, ओढे, शेते, रस्ते, कुंपणे हे सर्व तसेच राहते. फक्त दृष्टीआड होते. या दृष्टीआड झालेल्या भूमीचे पद्धतशीर वाचन करण्याचे श्रेय प्रामुख्याने उत्तर कॅरोलायनातील एलवुड ‘बक’ पेरी (1915–2005) यांना दिले जाते. त्यांनी ‘स्पूनप्लग’ नावाचे धातूचे आमिष तयार केले. ते ठराविक खोलीवर ओढता येत असे व तळाला घासत जात असल्यामुळे मासे धरण्याबरोबरच तळाची चाचपणीही करी. चालत्या होडीमागे आमिष ओढीत तळाचा नकाशा मनात उभा करावयाचा, ही त्यांची पद्धती होती.

‘स्ट्रक्चर’ आणि ‘कव्हर’ यांतील भेद हा या परिभाषेचा पाया होय. बुडालेले झाड, बुंधे, पाणवनस्पतींचे बेट, काटक्यांचा ढीग यांना ‘कव्हर’ म्हणजे आडोसा म्हणतात. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. जलाशय पूर्ण आटला आहे आणि त्यातील झाडे, वनस्पती, दगड असे सर्व काही उचलून नेले आहे, अशी कल्पना करावी. मागे जो भूभाग उरेल ते ‘स्ट्रक्चर’. जे उचलले गेले ते ‘कव्हर’. लार्जमाउथ बास या माशाला दोन्ही उपयोगी पडतात, पण निरनिराळ्या कारणांनी. आडोशात दबा धरून तो भक्ष्य पकडतो. तळाच्या ठेवणीच्या आधाराने तो खोल पाण्यातून उथळ पाण्याकडे ये-जा करतो.

तळाच्या विविध आकारांची इंग्रजी नावे बहुतेक भूरूपांवरूनच घेतलेली आहेत, आणि सह्याद्रीच्या परिसरात वावरलेल्या मराठी माणसाजवळ त्यांना शब्द आहेत. काठावरून पाण्यात उतरत गेलेला जमिनीचा निमुळता भाग म्हणजे ‘पॉइंट’. डोंगराच्या अशा उताराला आपण सोंड म्हणतो. चोहोबाजूंनी खोल पाणी असलेला बुडालेला उंचवटा म्हणजे ‘हम्प’, अर्थात टेकाड. दोन टेकाडांमधील सखल भाग म्हणजे ‘सॅडल’, अर्थात खिंड. विस्तीर्ण सपाट तळ म्हणजे ‘फ्लॅट’, अर्थात माळ. पूर्वीच्या नदीचे किंवा ओढ्याचे पात्र म्हणजे ‘चॅनेल’. यांपैकी कोणत्याही आकाराचे मोल तो खोल पाण्याशी कसा जोडला आहे यावरून ठरते. खोल पात्रापासून दूर, माळाच्या मध्यावर असलेले टेकाड दिसावयास ठळक असले, तरी पात्रालगतच्या लहानशा सोंडेपेक्षा ते बहुधा कमी प्रतीचे मानतात.

यानंतर ‘ब्रेकलाइन’ व ‘ब्रेक’ या दोन संज्ञा येतात. ज्या रेषेवर तळाची खोली स्पष्टपणे बदलते ती ‘ब्रेकलाइन’. हा बदल फार तीव्र असेल, तर त्या जागेस ‘ड्रॉप-ऑफ’ म्हणजे कडा म्हणतात. वनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरील कड किंवा चिखल व खडे यांची सीमा हीदेखील पेरींच्या विवेचनात ब्रेकलाइनच ठरते. तिच्यावरील एखादा खडक, बुंधा वा खाच म्हणजे ‘ब्रेक’. रेषा हा मार्ग मानला, तर ‘ब्रेक’ ही त्या मार्गावरील थांबण्याची जागा होय.

तीव्र ब्रेकलाइन कोठे सापडेल याचे अनुमान नदीच्या कार्यावरून करता येते. वळणावर प्रवाह बाहेरील काठावर आदळून तो कापतो व आतील काठाशी गाळ टाकतो. त्यामुळे जुन्या पात्राच्या वळणाची बाहेरची बाजू उभी व आतील बाजू उतरती असते. जेथे असे बाहेरचे वळण एखाद्या सोंडेच्या टोकाला भिडते, तेथे उथळ व खोल पाणी अगदी शेजारी येते. अनुभवी मासेमार नकाशावर प्रथम अशीच जागा शोधतो.

पेरींच्या मते मोठ्या माशांचे घर खोल पाण्यात असते. त्यास ‘सँक्च्युअरी’ म्हणजे आश्रयस्थान म्हणावयाचे. तेथून मासे ज्या वाटेने वर येतात तो ‘मायग्रेशन रूट’, आणि त्या वाटेवर उंचवट्याशी त्यांचा प्रथम संबंध येतो ती जागा ‘काँटॅक्ट पॉइंट’. हा सिद्धान्त उपयुक्त असला, तरी तो सर्वस्वी निरपवाद मानता येत नाही. माशांना लहान रेडिओ-प्रेषक बसवून केलेल्या पुढील निरीक्षणांत माशामाशांच्या सवयींत बराच फरक दिसून आला. काही बास दीर्घकाळ उथळ पाण्यातच राहतात. या संज्ञा शोधाची दिशा दाखवितात. मासा तेथे असेलच अशी हमी देत नाहीत.

खोलीलाही मर्यादा आहे. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात: वर उबदार पाणी, खाली थंड पाणी आणि मध्ये तापमान झपाट्याने घटणारा ‘थर्मोक्लाइन’. पोषकद्रव्ये विपुल असलेल्या जलाशयात या थराखालील प्राणवायू कुजण्याच्या क्रियेत खर्ची पडतो. अशा वेळी ज्या टेकाडाचा माथाच थर्मोक्लाइनखाली असेल, ते आकाराने कितीही उत्तम असो, माशांना निरुपयोगी ठरते. शरद ऋतूत वरचे पाणी थंड होऊन थर एकमेकांत मिसळले, की तेच टेकाड पुन्हा वापरात येते.

1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस लहान होड्यांसाठी ध्वनिलहरींवर चालणारी खोलीमापक यंत्रे बाजारात आली. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग 20 अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे 1,480 मीटर असतो. प्रतिध्वनी परतण्यास 1/100 सेकंद लागला, तर जाऊन-येऊन 14.8 मीटर अंतर तोडले गेले, म्हणजे खोली 7.4 मीटर झाली. यंत्राने खोली कळते. पण दिसलेला चढ सोंडेचा, टेकाडाचा की झाडाच्या शेंड्याचा, हा निर्णय परिभाषा पक्की असलेल्यासच करता येतो.

या भेदाचे महत्त्व मासेमारांपुरते नाही. जलाशय जुना होत जातो तसतशी बुडालेली झाडे कुजून जातात व आडोसा नाहीसा होतो. तळाची ठेवण मात्र पुष्कळ काळ टिकते, जरी गाळाने ती हळूहळू बुजत असली तरी. म्हणून अमेरिकेत मत्स्यविभाग अनेक ठिकाणी झुडपांचे भारे मुद्दाम पाण्यात बुडवितात. आडोसा कृत्रिम रीतीने पुरविता येतो, तळ सहसा नव्याने घडविता येत नाही. त्यामुळे भारे कोठे टाकावयाचे हा प्रश्न ब्रेकलाइन ओळखल्यावाचून सुटत नाही. थर्मोक्लाइनच्या खाली टाकलेला भारा ऐन उन्हाळ्यात वायाच जावयाचा.

आपल्याकडे भीमेवरील उजनीचे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने मंदिर वर येते व आसपासची बुडालेली जमीनही उघडी पडते. येथील मासे व मासेमारी निराळी असल्यामुळे अमेरिकेतील ठोकताळे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. परंतु उघड्या पडलेल्या त्या भूमीवर सोंड, खिंड, माळ व जुने पात्र यांच्या नोंदी करून ठेवल्या, तर पाणी पुन्हा भरल्यावर त्याखाली काय आहे हे आपल्याच शब्दांत सांगता येईल. मराठी परिभाषेचा आरंभ तेथूनच करणे इष्ट होय.