चुलीवाचून पाच आठवडे

दाराच्या आतील बाजूस पाटी लावलेली होती : 'खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे.' आक्काने ती वाचली आणि पिशवीतून अर्धी बाहेर काढलेली विजेची शेगडी मुकाट्याने पुन्हा आत सारली. खोलीत दोन खाटा, एक मोडके टेबल, डोक्यावर पंखा आणि कोपऱ्यात न्हाणी. आमच्या खानापूर तालुक्यातील घरी चूल सकाळी पाचला पेटते, ती रात्री नऊला विझते. चाळीस वर्षे त्या चुलीपुढे बसलेल्या बाईला आता पाच आठवडे चुलीवाचून काढावयाचे होते.

ही हकीकत सन २०२२ च्या पावसाळ्यातील. भावोजींच्या घशात गाठ निघाली होती आणि उपचारांसाठी त्यांना मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात आणले होते. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे येतात, आणि त्यांतील पुष्कळांना रुग्णालयात खाट लागतच नाही. किरणोपचार दिवसाकाठी काही मिनिटांचे असतात. आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे ते घ्यावयाचे असतात. उरलेले तेवीस तास रोगी आणि त्याचे माणूस राहतात कोठे, तर जवळपासच्या एखाद्या लॉजच्या खोलीत.

गावाहून निघताना आम्ही औषधांचा खर्च धरला होता, खोलीचे भाडे धरले होते, गाडीभाडेही धरले होते. जेवणाचा हिशेब मात्र कोणीच केला नव्हता. जेवण ही घरात आपोआप घडणारी गोष्ट, असे आपण पुरुष समजतो. परळला साधी राईसप्लेट शंभराच्या घरात होती. दोन माणसे, दोन वेळा, पस्तीस दिवस, म्हणजे एकशेचाळीस ताटे आणि चौदा हजार रुपये. आमच्याकडील अल्पभूधारक कुटुंबात एवढी रक्कम म्हणजे एका हंगामाचे खतबियाणे होय.

दोघांना खोलीत पोहोचवून मी तिसऱ्या दिवशी गावी परतलो. अकराव्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा शेजारच्या खोलीतील एका जळगावकडच्या बाईने मला जिन्यातच गाठले. "दादा, काल तुमची बहीण रांगेत चक्कर येऊन पडली. तिने तुम्हांला सांगू नका म्हटलं होतं." तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "मावशी, आज काय खाल्लंत?" सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, एवढेच तिच्या पोटात होते. आदल्या दिवशीही तेच. भावोजींना शहाळे, दूध, मऊ खिचडी यांत तिने काही कमी पडू दिले नव्हते. फोनवर मी रोज विचारीत असे, "जेवलीस का?" आणि ती म्हणे, "हो रे, झालं की."

मला राग आला, आणि खरे सांगावयाचे तर तो तिच्यापेक्षा माझाच अधिक आला. घरच्या बाईने आपल्या ताटातले काढून इतरांना वाढावे, याचे आपल्याकडे फार कौतुक होते. उपवासकाळात स्वेच्छेने केलेला उपवास निराळा. औषधाचे पैसे पुरावेत म्हणून कोणाला न सांगता उपाशी राहणे, हा उपवास नव्हे. शिवाय त्यात बचतही नाही. तिला लावलेल्या सलाइनला आणि त्या दिवशीच्या औषधांना जे पैसे गेले, त्यांत ती आठवडाभर पोटभर जेवली असती.

मग मी रजा वाढविली, आणि आम्ही दोघे कागद घेऊन बसलो.

पूर्वी या भागात असा प्रश्न एवढा अवघड नव्हता. परळ, लालबाग, दादर हे सारे गिरणगाव. घर सोडून आलेल्या हजारो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी येथे गल्लोगल्ली होत्या आणि त्या चालविणाऱ्या बहुतेक बायकाच. गोव्यात जन्मलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जेवणारे पांगले आणि खानावळीही ओसरल्या. तरीही शोधल्यास एखादी घरगुती खानावळ सापडते. तेथे आठवड्याचे पैसे आगाऊ दिले की ताट पुष्कळ स्वस्त पडते. आम्हांला तशी एक सापडली आणि दुपारचे एक वेळचे गरम जेवण आम्ही तेथे ठरविले. आक्काने दिवसातून एकदा तरी कोणीतरी वाढलेले ताट समोर घेऊन बसावे, ही माझी अट होती.

दुसराही एक मार्ग होता. रुग्णालयाच्या परिसरात रोगी व त्यांच्या नातलगांना विनामूल्य जेवण देणारी धर्मादाय मंडळी असतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशाच रोग्यांसाठी चालते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारल्यास हे सर्व सांगतात. परंतु त्या रांगेचे नाव काढताच आक्का म्हणाली, "आपल्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. मी आता हात पसरू?" मी तिच्याशी वाद घातला नाही. मात्र पुढच्या आठवड्यात जळगावच्या बाई तिला सोबत म्हणून घेऊन गेल्या. त्या रांगेत एक निवृत्त शिक्षक उभे होते, एक जमीनदारीणही होती. आक्का परत आली ती एवढेच म्हणाली, "आमटी बरी होती. मीठ कमी."

आता सकाळच्या आणि रात्रीच्या खाण्याविषयी. गावाकडच्या बायकांना हे सांगणे म्हणजे खरे तर उलटा प्रकार आहे, कारण यातील बहुतेक गोष्टी त्यांच्याच आहेत. शहरात आल्यावर आपण त्या विसरतो, इतकेच.

पहिली गोष्ट कडक भाकरी. सोलापूर, विजापूर, बागलकोटकडे ज्वारीची पातळ भाकरी भाजून, चुलीच्या धगीला ठेवून पापडासारखी वाळवितात. ओल लागू दिली नाही तर ती कित्येक आठवडे टिकते. दह्याबरोबर खावी, किंवा पाण्याचा हबका मारून कापडात गुंडाळून ठेवावी, थोड्या वेळाने मऊ होते. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दोनतीन दिवसच राहते, ती प्रवासापुरती. सोबतीस शेंगदाण्याची, जवसाची व कारळ्याची कोरडी चटणी आणि गुळाची ढेप. गावाहून येणाऱ्या एका मुलाबरोबर आम्ही पत्र्याचा डबाभर भाकरी मागविल्या. त्या बायकांच्या बचतगटाकडेही विकत मिळतात.

गोव्याकडच्या कुटुंबांना सुक्या मासळीवाचून घास उतरत नाही हे मी जाणतो. घरीच भाजून आणलेली सुकी सुंगटे कांदा व ओल्या खोबऱ्यात मिसळली की किस्मूर तयार होते, आणि व्हिनेगरमधील बालचाव तर प्रवासासाठीच जन्मलेला. फक्त डबा घट्ट झाकणाचा असावा. लॉजच्या व्यवस्थापकाचे नाक मनाईच्या पाटीहून अधिक कडक असते.

दुसरी गोष्ट पोहे. पोहा हा भिजवून, भाजून, चेपून तयार केलेला भात आहे. त्याला पुन्हा शिजविण्याची गरज नाही. जाड पोहे धुऊन दहा मिनिटे ठेवले आणि दही, मीठ, हिरवी मिरची घातली की न्याहारी झाली. पातळ पोह्यांचे दडपे पोहे कराव- याचे तर ओले खोबरे, कांदा, लिंबू घालून वर जड ताटली दडपावी. नारळ मात्र विकत घेतानाच दुकानदाराकडून फोडून घ्यावा. मी तो खोलीच्या उंबऱ्यावर फोडला आणि खालच्या मजल्यावरून दोन माणसे काय झाले म्हणून पाहावयास आली.

तिसरी गोष्ट भाजलेल्या डाळ्याचे पीठ. बिहारकडचे कामकरी त्याला सत्तू म्हणतात आणि त्याच्या बळावर दिवसभर ओझी वाहतात. पाणी, मीठ, लिंबू, चिरलेला कांदा घालून ते पिता येते किंवा घट्ट मळून खाता येते. आमच्या मेतकुटाचे ते धाकटे भावंडच म्हणावे.

उकळते पाणी मिळाले तर पुष्कळ सोपे होते. विजेची किटली बहुधा १५०० वॅटची असते, म्हणजे ती सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढते. खोलीतील पंख्याजवळचा लहान सॉकेट मात्र ६ अँपिअरचाच असतो. जुन्या इमारतीतील तारा त्याने तापतात आणि आगी लागतात. पाटीमागील खरे कारण हेच आहे, मालकाचा दुष्टपणा नव्हे. म्हणून चोरून काही लावू नये. आम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून रोज सकाळी थोड्या पैशांत थर्मास भरून उकळते पाणी घेत असू. घरी फोडणी देऊन खमंग भाजून आणलेल्या रव्यावर दुप्पट उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकले की उप्पीट होते. रुंद तोंडाचा दुसरा थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावा, मग त्यात मूठभर भाजलेली तांदळाची कणी टाकून काठोकाठ उकळते पाणी भरावे. दोनतीन तासांत पेज होते. थर्मास अर्धा रिकामा ठेवला तर मात्र कणी कच्ची राहते, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकलो.

अन्न टिकविण्याच्या बाबतीत आक्काची घरची सवय येथे घातक ठरली असती. घरी रात्रीचा भात सकाळी फोडणीला जातो. मुंबईच्या दमट हवेत, शीतकपाटावाचून, शिजलेला भात दोन तासांपलीकडे ठेवू नये. भातातील काही जंतूंचे बीज उकळण्यानेही मरत नाही, आणि त्यांनी एकदा विष तयार केले की भात पुन्हा तापवूनही ते जात नाही. म्हणून दही लहान भांड्यातले, त्याच वेळी संपेल एवढेच आणावे. दूध खोक्यातले, लहान मापाचे घ्यावे. ते न फोडता कित्येक महिने बाहेर राहते, फोडल्यावर लगेच संपवावे. रस्त्यावरची कापलेली फळे नकोत. केळे आपल्या सालीत सुरक्षित असते. भाकरीचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला की मुंग्या येत नाहीत.

पोटभर होणे आणि अंगी लागणे यांत फरक आहे. चहाबिस्किटांनी भूक मरते, ताकद येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. अंडाभुर्जीच्या गाडीवरून घेतलेल्या दोन उकडलेल्या अंड्यांत बारा ग्रॅम, छटाकभर शेंगदाण्यांत तेवढेच, छटाकभर डाळ्यांत दहा आणि वाटीभर दह्यात पाचसहा ग्रॅम मिळतात. वर भाकरी व दुपारची आमटी आहेच. मी हे कागदावर मांडून दाखविले तेव्हा आक्का म्हणाली, "एवढं तर आपली म्हैस सोडवायला आलेला गडीसुद्धा खातो." मी म्हणालो, "मग तू त्याच्याहून कमी का?" ती हसली. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदाच.

रोग्याचे खाणे मात्र या साऱ्यातून वेगळे काढावे. घशावर किरण घेतल्यावर तोंड सोलवटते, तिखट, आंबट आणि गरम सोसवत नाही. उपचारांत रोगप्रतिकारशक्ती घटलेल्या माणसास मोड आलेली कच्ची कडधान्ये, कच्च्या कोशिंबिरी, उघड्यावरचे पदार्थ बाधू शकतात. भावोजींनी काय खावे हे आम्ही रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनाच विचारीत असू आणि त्या सांगतील तेच देत असू. लॉजच्या जिन्यात प्रत्येकाजवळ एक रामबाण पथ्य असते, कोणी म्हणे कारल्याचा रस, कोणी म्हणे नुसते दूध. आम्ही सर्वांचे ऐकून घेतले आणि कोणाचेच केले नाही.

पस्तीस दिवसांच्या अखेरीस आमच्या दोघांच्या जेवणाचा खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला. आक्काचे वजन वाढले नाही, पण पुन्हा ती पडलीही नाही. निघण्याच्या सकाळी तिने उरलेल्या नऊ भाकऱ्या, चटणीची बरणी आणि रुंद तोंडाचा थर्मास जळगावच्या बाईंच्या हाती दिला. त्यांचे अजून दोन आठवडे बाकी होते. भावोजी आता तीन महिन्यांनी एकदा तपासणीला जातात. त्या वेळी आक्का डबा भरते तो दोघांच्या अंदाजाने नव्हे, चौघांच्या अंदाजाने. थर्मास मात्र तिने नवा घेतला आहे, तो कोणाला देत नाही.