लोकगीतांचा अर्धा तास

आषाढ लागला की मावळात भाताची आवणी सुरू होते. पोटरीभर चिखलात बायकांची ओळ रोपे लावीत मागे मागे सरकते. अशा वेळी एखादी जाणती बाई गाण्याची ओळ उचलते आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणू लागतात. कंबर दुखते खरी, पण गाण्याच्या नादात खाचर कधी पुरे झाले ते कळत नाही. या बाईला तुम्ही ‘गायिका’ म्हणालात, तर ती तोंडाला पदर लावून हसेल. पण हेच गाणे रेडिओवरून दूरदूरच्या गावांत ऐकू गेले तर? ते श्रोत्यांपर्यंत नीट पोचवायचे काम निवेदकाचे. हे काम कसे चालते, ते आज पाहू या.

समजा, इंद्रायणीकाठच्या आंबी गावातल्या एका गुरुजींवर दर आठवड्याला लोकगीतांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सोपवला. गुरुजी म्हणतील, दहा गाणी लावली की झाले! पण हिशोब इतका सोपा नाही. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. गाणे म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांचे, ही सवय आपल्याला तिथून लागली. जात्यावरची ओवी मात्र दळण सरेपर्यंत चालायची. तिला घड्याळ ठाऊक नव्हते. म्हणून तीस मिनिटांत पाचच गाणी घ्यावीत. त्यांना एकोणीस-वीस मिनिटे, पत्रांना चार, आणि उरलेली सहा मिनिटे निवेदनाला. सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे गुरुजींच्या हाती सहा-सातशे शब्द आले. त्यांत पाल्हाळ बसत नाही.

आता गाणी निवडायची कशी? पंचांग आणि शेत यांच्याकडे पाहून. आषाढात आवणीची गाणी, श्रावणात पंचमीची, आश्विनात हादग्याची, पीक काढणीला आले की भलरी, चैत्रात जत्रेतला गोंधळ. ऐकणाऱ्याच्या हातातले काम आणि कानावरचे गाणे जुळले, की रेडिओ घरातल्या माणसासारखा वाटतो.

मात्र ओळख करून देताना सावध असावे. मावळच्या डोंगरात महादेव कोळी राहतात, आणि बोरघाट उतरून समुद्रावर गेले की सोनकोळी भेटतात. नावात दोन्हीकडे कोळी आहे, पण एकाचे जगणे डोंगराचे आणि दुसऱ्याचे दर्याचे. दर्यावरच्या गाण्यात होडी हलते, वल्ह्याचा ठेका असतो. डोंगरातल्या गाण्याला ‘आता ऐका कोळीगीत’ म्हणून नारळी पौर्णिमा जोडली, तर जाणता श्रोता रेडिओ बंद करील. पाणी तिथली चाल घडवते, हे जगभर खरे आहे. 1960 च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, फळीवर उभे राहून लाटांशी खेळणाऱ्या तरुणांमध्ये गिटारचे एक नवे संगीत रुजले. त्यात लाटेचा घुमारा ऐकू येतो. पण त्यासाठी समुद्र जवळ लागतो; तो मावळात कुठून आणणार?

गाणे ध्वनिमुद्रित करतानाही असेच भान हवे. आजीला खुर्चीवर बसवून ‘म्हणा आता’ म्हटले, तर तिला ओवी आठवणार नाही. तिला जात्यापाशी बसू द्या, खुंट्याला हात लागू द्या. हात फिरू लागला की ओवी आपसूक येते, कारण तिची लय त्या फेऱ्यातच आहे. पंखा बंद करावा, यंत्र तोंडाजवळ पण थोडे बाजूला धरावे, आणि मधे ‘वा वा’ करू नये.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वहीत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तारीख आणि तिने हे गाणे कोणाकडून उचलले ते लिहून घ्यावे. आपण काय करतो? गाणे लावतो आणि ‘पारंपरिक’ एवढे म्हणून मोकळे होतो. परंपरा म्हणजे कोणी एक बाई, तिची आई, तिची सासू. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी शेजारच्या मुळशी तालुक्यापासून 1980 नंतरच्या दशकात जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव जपण्याची काळजी घेतली गेली. म्हणून आज ती ओवी कोणाची, हे सांगता येते. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. पहाटेचे ते कष्ट गेले, याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर बाईचे बोलणेही मुके झाले. सासर, माहेर, नवऱ्याचा राग, विठ्ठलाची ओढ, हे सारे ती जात्यालाच सांगत असे. तेवढे तरी तिच्या नावाने उरावे. कायद्यानेही 1994 च्या दुरुस्तीपासून कलावंताला आपल्या गाण्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. म्हणून तिला विचारूनच गाणे लावावे.

बोलताना सभेपुढे बोलतो तसे बोलू नये. चुलीपाशी भाकरी थापणारी एक बाई डोळ्यांपुढे आणावी आणि तिच्याशी बोलावे. गाण्याचा सगळा अर्थ आधी सांगून टाकू नये. एखादा अडणारा शब्द उलगडावा आणि गप्प बसावे. पहिली ओळ सुरू झाली की तिच्यावर बोलणे म्हणजे पाहुण्याच्या ताटात हात घालणे.

राहिली पत्रे. पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1956 साली पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत एक प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. रेडिओ नुसता बोलत नाही, ऐकतोही, हे तेव्हा खेड्यांना समजले. गाण्यांचेही तसेच आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला 28 नोव्हेंबर 1925 रोजी 77 वर्षांचे जिमी थॉम्प्सन फिडल वाजवायला बसले. तिथून रुजलेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा ग्रामीण गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम शंभर वर्षांनीही चालू आहे. ‘आमच्याकडे या गाण्याची चाल वेगळी आहे’ असे पत्र आले, की समजावे, कार्यक्रम रुजला. अशा पत्राला वाद घालू नये. ती चाल पुढच्या आठवड्याला लावावी.

आज आंबीच्या आजूबाजूला कारखाने उभे आहेत. मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतातून आलेली माणसे इथे खोल्या घेऊन राहतात. त्यांच्याही ट्रंकेत गाणी आहेत. गुरुजींनी त्यांनाही बोलावावे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, यासाठी रेडिओ केंद्राची वाट पाहायला नको. येत्या रविवारी मुलांना घरी पाठवताना सांगा : आजीचे एक गाणे लिहून आणा, आणि खाली आजीचे पूर्ण नाव लिहा. नुसते ‘आजी’ लिहिले असेल, तर वही परत द्या.