मरियम बाबांगिडा आणि 'बेटर लाइफ': चांगलं काम तपासायचं कसं?

संशोधनाचा विषय निवडताना बरेच जण एखाद्या कर्तबगार व्यक्तीचं 'जीवन आणि कार्य' घेतात. हरकत काहीच नाही. अडचण एवढीच की चरित्र लिहिता लिहिता गौरवग्रंथ कधी सुरू झाला, हे आपल्याला कळत नाही. आज नायजेरियाचं एक उदाहरण घेऊन हे बघू.

मरियम बाबांगिडा यांचा जन्म १९४८ मध्ये असाबा इथे झाला. १९६९ मध्ये लष्करी अधिकारी इब्राहिम बाबांगिडा यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९८५ मध्ये इब्राहिम सत्तापालट करून राष्ट्राध्यक्ष झाले आणि मरियम देशाच्या 'फर्स्ट लेडी'. राज्यघटनेत असं कुठलंही पद नव्हतं. तरी १९८७ मध्ये त्यांनी 'बेटर लाइफ फॉर रुरल विमेन' हा कार्यक्रम सुरू केला.

काळ लक्षात घ्या. १९८६ पासून देशात रचनात्मक समायोजनाचा आर्थिक कार्यक्रम चालू होता, नायराची किंमत घसरत होती, महागाईची झळ घरोघरी पोचत होती. शेती आणि कसावावरची प्रक्रिया ही कष्टाची कामं मोठ्या प्रमाणात बायकाच करत होत्या. त्यांच्यासाठी सहकारी संस्था, छोटे उद्योग, साक्षरता वर्ग आणि आरोग्याची कामं असं या कार्यक्रमाचं स्वरूप होतं. १९९१ मध्ये मरियम यांना भूकनिर्मूलनासाठीचा 'आफ्रिका प्राइझ' वांगारी माथाई यांच्याबरोबर विभागून मिळाला. २००९ मध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही गौरवलेखात सापडेल. संशोधन इथून पुढे सुरू होतं.

पहिला मुद्दा आकड्यांचा. या कार्यक्रमातून साडेसात हजारांहून जास्त सहकारी संस्था उभ्या राहिल्या, असं सांगितलं जातं. पण संस्था स्थापन होणं हे झालं उत्पादन. बाईच्या हातात पैसा आला का, तिचे कष्ट कमी झाले का, हा परिणाम. या दोन्हींत गल्लत करू नका. शिवाय आकडा कोणी मोजला, तेही विचारा. कार्यक्रम चालवणाऱ्यानेच मोजला असेल तर तो पुरावा नाही, दावा आहे.

दुसरा मुद्दा रचनेचा. राज्यात या कार्यक्रमाचं नेतृत्व गव्हर्नरच्या पत्नीकडे, स्थानिक पातळीवर तिथल्या अध्यक्षाच्या पत्नीकडे. म्हणजे नवऱ्याची खुर्ची तीच बायकोची पात्रता! टीकाकार तर याला 'बेटर लाइफ फॉर रिच विमेन' म्हणू लागले. अभ्यासक अमिना मामा यांनी १९९५ च्या आपल्या लेखात अशा व्यवस्थेसाठी 'फेमोक्रसी' ही संकल्पना वापरली: सामान्य स्त्रियांच्या नावाने चालणारी, पण सत्ताधारी पुरुषांशी असलेल्या नात्यावर उभी असलेली सत्ता. १९९३ मध्ये बाबांगिडा पायउतार झाले. पुढे सानी अबाचा आले आणि त्यांच्या पत्नीने स्वतःचा 'फॅमिली सपोर्ट प्रोग्राम' आणला. 'बेटर लाइफ' मागे पडला.

मग सगळं फोल होतं का? तसंही म्हणता येत नाही. खेड्यातल्या बाईचा प्रश्न देशाच्या चर्चेत आला, हे टीकाकारांनाही नाकारता येत नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोग स्थापन झाला, १९९५ मध्ये महिलांसाठी वेगळं मंत्रालय आलं. यात 'बेटर लाइफ'चा वाटा किती आणि देशातल्या स्त्री-संघटनांच्या मागण्यांचा किती, हे वेगळं करून दाखवावं लागेल. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही.

म्हणून 'मरियम चांगल्या होत्या की वाईट' हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. प्रश्न असा मांडा: १९९३ नंतर यातल्या कोणत्या सहकारी संस्था टिकल्या, आणि का? आता बघा, काय शोधायचं ते आपोआप ठरतं. संस्थांच्या नोंदवह्या, त्या काळची वर्तमानपत्रं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या संस्थांमध्ये काम केलेल्या बायकांच्या मुलाखती. त्या आज म्हाताऱ्या झाल्या असतील. सरकारी अहवाल कपाटात राहतील, पण या बायकांच्या आठवणी आपली वाट बघत थांबणार नाहीत.

तुमच्या विषयातही अशी माणसं असतीलच. आधी त्यांची यादी करा, प्रस्ताव नंतर लिहा.