धुराची मुदत व साऱ्याची मुदत

मुलकी खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हांस एक गोष्ट नित्य पाहावयास मिळे. सारा मुदतींत न आला तर नोटीस निघे, नंतर चौथाईपर्यंत दंड, आणि शेवटीं जप्ती. मुदत म्हणजे काय, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. हवा शुद्ध करण्याच्या सरकारी कामांत मात्र मुदतीचें काय होतें, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

दगडी कोळशावर वीज काढणाऱ्या कारखान्यांच्या धुरांत सल्फर डायऑक्साइड नांवाचा गंधकाचा वायु असतो. हवेंत मिसळल्यावर त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, वाऱ्यानें दूरवर जातात व श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल शिरतात. ह्यावर उपाय आहे. चुनखडी कालविलेल्या पाण्याच्या फवाऱ्यांतून धूर नेला म्हणजे गंधक चुन्याशीं मिळून जिप्सम तयार होतें. चोपण जमीन सुधारण्यास आपण घालतों, तेंच हें जिप्सम.

केंद्र सरकारनें ७ डिसेंबर २०१५ रोजीं जुन्या कारखान्यांस दोन वर्षांत हा वायु ठराविक मर्यादेंत आणण्याचें फर्माविलें. ती मुदत सरतांच २०२२ पर्यंतचे टप्पे पाडून दिले. पुढें २०२१ सालीं कारखान्यांचे तीन वर्ग झाले व तिसऱ्या वर्गाची मुदत २०२४ अखेर ठरली. २०२२ सालीं ती २०२६ वर व डिसेंबर २०२४ मध्यें २०२९ वर गेली. अखेर ११ जुलै २०२५ रोजीं, धुराड्याच्या उंचीची अट घालून, ह्या वर्गास ती मर्यादाच माफ झाली. चारांपैकीं तीनांहून अधिक संच ह्याच वर्गांतले.

उशिराचीं कारणें अगदींच खोटीं नव्हतीं. यंत्रें महाग, तीं बनविणारे थोडे, मध्यें करोनाची सांथ, आणि खर्चाचा बोजा शेवटीं वीजदरावर. आपल्या कोळशांत गंधक कमी असून शहरांच्या हवेंत हा वायु मर्यादेंतच आढळतो, असें सरकार म्हणतें. परंतु वायूचा कण झाल्यावर तो वायूच्या मोजणींत सांपडत नाहीं. एका वहींतील बाकी दुसऱ्या वहींत गेली म्हणून ती फिटली असें होत नाहीं. शिवाय ज्यांनीं वेळेवर यंत्रें बसविलीं, त्यांना काय मिळालें?

तिसरा वर्ग म्हणजे मोठ्या शहरांपासून व दूषित हवेच्या ठिकाणांपासून दहा किलोमीटरांहून दूर असलेले कारखाने. दूर म्हणजे कोठें? आपल्याच शिवारांत!

उलट दिल्लीच्या आसमंतांत भाताचा पेंढा जाळणाऱ्या शेतकऱ्यावरील रक्कम नोव्हेंबर २०२४ मध्यें एका हुकुमासरशी दुप्पट झाली: दोन एकरांखालीं ५,००० रुपये, पांच एकरांपर्यंत १०,०००, त्यापुढें ३०,०००. पेंढा जाळावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकास दंड व दुसऱ्यास मुदतवाढ, हा न्याय नव्हे.

पहिल्या वर्गाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ही कायम असून दुसऱ्या वर्गाचा निकाल प्रत्येक प्रकरण पाहून व्हावयाचा आहे. तेव्हां जवळचा कारखाना कोणत्या वर्गांत आहे व काम कोठवर आलें, हें माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें सभासदांनीं लेखी विचारावें. कारकुनाच्या अनुभवानें सांगतों, ज्या कागदास कोणी विचारीत नाहीं, तो कागद हलत नाहीं.