बांध, सातबारा आणि साडेबारा टक्के

'मिश्र अर्थव्यवस्था' हा शब्द मी प्रथम वर्गात ऐकला. सरांनी फळ्यावर दोन वर्तुळे काढली. एकात सरकारी उद्योग, दुसऱ्यात खासगी. मला मात्र आमचा खारबांध आठवला. आजोबा सांगतात, "शेत ज्याचं त्याचं, पण बांध गावाचा. उधाणाला खांड पडली की घरटी एक माणूस धावायचा. एकानं कुचराई केली की साऱ्यांच्या भातात खारं पाणी." खासगी आणि सामाईक यांची अशी सांगड माझ्या क्रमिक पुस्तकात नाही.

१ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने, म्हणजे कूळकायद्याने, पणजोबा जमिनीचे मालक झाले. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. द्रोणागिरी हा त्याच शहराचा एक विभाग. शासनाने जमीन घ्यावी, रस्ते-गटारे करावीत, भूखंड विकावेत व त्या पैशातून शहर उभारावे, अशी ही योजना. ती मला मुळात वाईट वाटत नाही. जमिनीचा भाव समाजामुळे वाढतो, तर ती वाढ समाजाकडे यावी. पण या हिशेबात शेतकरी एकदाच पैसे घेऊन निघून जाणारा ठरला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने यालाच हरकत घेतली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यानंतर, १९९० साली, साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

वाचकहो, आता थोडे गणित. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. सामाजिक सोयींसाठी त्यातून तीस टक्के वजा जाता हाती येतात साडेतीन. आमच्या घरी ते भावाभावांत वाटले गेले. आजोबांनी आपला वाटा आत्याच्या लग्नासाठी आणि घराच्या स्लॅबसाठी विकला. आज तेथे इमारत आहे आणि बाबा कंटेनर यार्डात ठेक्यावर आहेत. त्यांना मी दोष देत नाही. गरजवंताला वाट पाहणे परवडत नाही.

पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. तेथे शेतकरी विक्रेता न राहता भागीदार झाला. तरी एक उणीव राहते. वाटा सातबाऱ्यावर मोजला, की शेतमजुराला काही नाही. आमच्या बांधावर सातबारा कोणी विचारत नसे.

म्हणून माझ्या कल्पनेतील समाजात आखणी शासनाची, विक्री बाजाराची, पण मालकीचा एक हिस्सा जमीन देणारा व तेथे राबणारा या दोघांच्या सहकारी संस्थेकडे, आणि तो विकता न येणारा.

आजोबांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "आणि तोटा झाला तर?" मग मी भागाबरोबर दरमहा ठरावीक भाडेही धरले. ते कोणी द्यायचे, यावर आमचा वाद अजून चालू आहे.